तीन जावा आणि एक हिरवं वर्तुळ

भाऊजींचा खांदा आखडला होता आणि ताईला सुट्टी मिळत नव्हती, म्हणून त्या दुपारी त्यांना फिजिओथेरपी केंद्रात व्यायामाला घेऊन मी गेले. ते आतल्या खोलीत दोरी आणि कप्पीशी झटापट करत होते. मी बाहेर बाकावर. फोनची बॅटरी संपत आलेली, समोरच्या भिंतीवर मणक्याचं मोठं चित्र, आणि त्याच्या शेजारी अर्धं काचेचं एक दार.

काचेपलीकडे एक तरुण कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि त्याची मनधरणी करत होता.

"पाणी," तो म्हणाला. थांबला. मान जरा तिरकी केली. "अरे बाबा, पाणी... ऐकलंस का?"

पडद्यावर एक हिरवं वर्तुळ होतं. ते ढिम्म. मग, पाहुणे कंटाळून जिना उतरायला लागल्यावर कुणी दार उघडावं, तसं ते हळूच फुगलं.

मी उठलेच. ते वर्तुळ माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. आमच्याच कंपनीने बनवलेलं पान होतं ते. पक्षाघातानंतर ज्यांचं बोलणं अडतं, त्यांच्या सरावासाठी. पडद्यावर शब्द येतो, माणूस तो म्हणतो, आवाज पोचला की वर्तुळ फुगतं. असं पान लोकांच्या हातात पडण्याआधी ते सगळीकडून ठोकून-ठाकून बघणं हे माझं काम. टेस्टर म्हणतात मला. आणि ऑफिसात ते वर्तुळ कसं फुगायचं... ओठ हलायचा अवकाश.

मग इथे त्याला झालं काय?

दार वाजवून आत जायचं असतं, हे मला दार ढकलल्यावर आठवलं.

त्याने मागे वळून पाहिलं. "पेशंट की नातेवाईक?"

"नातेवाईक."

"कुणाच्या?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. "ह्या पानाच्या."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "बरं झालं आलात. घरच्यांना बोलावणारच होतो. तुमचं लेकरू फार उशिरा उत्तर देतं."

तो तिथला स्पीच थेरपिस्ट होता. अडलेलं बोलणं मोकळं करणारा. बाहेरचे लोक त्याला डॉक्टर म्हणायचे आणि तो दर वेळी "डॉक्टर नाही हो मी" असं सांगायचा, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी त्याने मला शेजारची खुर्ची दिली आणि लिलाववाल्या काकांची गोष्ट सांगितली.

काकांनी आयुष्यभर लिलाव पुकारले होते. बंद पडलेल्या दुकानांचा माल, जुनी कपाटं, झुंबरं. श्वास घ्यायला न थांबता बोलणारा माणूस. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला आणि शब्द गेले. हात अजून रुसलेलाच होता, शब्द मात्र एक-एक करून परत येत होते. मग केंद्राला कुणीतरी जुने लॅपटॉप भेट दिले, आणि काका ह्या पडद्यासमोर बसले.

"ते शब्द म्हणायचे आणि वर्तुळाकडे बघायचे," तो म्हणाला. "वर्तुळ हलायचं नाही. त्यांना वाटलं, आपला आवाज पोचतच नाहीये. आपणच इतके... इतके सावकाश झालोय. तिसऱ्या-चौथ्या शब्दाला उठून गेले. त्यानंतर आलेच नाहीत."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही, की मशीन अडकतंय?"

"मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, तुम्ही लोकांनी मुद्दाम तसं ठेवलंय. पेशंटला दम घ्यायला वेळ मिळावा म्हणून."

मी माउस ओढून घेतला. ब्राउझर तोच होता, जो आमच्या ऑफिसात. त्याची आवृत्तीही तीच. इंटरनेट ठणठणीत. मग खालच्या कोपऱ्यात नजर गेली.

"अच्छा," मी म्हणाले. "इथे धाकटी आहे होय."

"कोण धाकटी?"

आता हे समजावून सांगायला हवं होतं. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारा. पण चित्र काढायचं, आवाज ऐकायचा, तर त्याला सगळा संगणक चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दाराशी जावंच लागतं. घर तिचं, हा पाहुणा. आमच्या ऑफिसात अशा तीन सिस्टिम आहेत आणि आम्ही टेस्टर त्यांना तीन जावा म्हणतो. संगणकवाल्यांना जावा म्हटलं की त्या नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा आठवते, त्यामुळे आमच्यात हा विनोद फार चालतो. बाहेर कुणी हसत नाही. थोरली बहुतेक घरांत नांदते, आल्यागेल्या सगळ्यांना सांभाळून घेते, पण ऐन गडबडीत "थांबा, मला आवरायचंय" म्हणून दार लावून बसते. मधली श्रीमंताघरची. आपल्याच भांड्यांत रांधते, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाही. धाकटी पैसे न घेता येते, जुन्यापान्या यंत्रातही नेटका संसार थाटते. फक्त कुठला डबा कुठे ठेवलाय, ते आपलं आपण शोधायचं.

त्याने सगळं गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं. मी निघायला उठले तेव्हा त्याला हसू आलं. जरा उशिराच, पण अगदी मनापासून.

"म्हणजे पाहुणा एकच, आणि तिघींकडे तो वेगवेगळा वागतो?"

"वागतो खरा. का वागतो, ते बघायला हवं."

"बघाल?"

"बघायलाच हवं," मी म्हणाले. काकांसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. बाहेर भाऊजी खांदा चोळत उभे होते आणि त्यांनी मला दोन हाका मारल्या होत्या म्हणे. मला ऐकू आल्या नाहीत.

*

ऑफिसातल्या आमच्या मॅडमनी ऐकलं आणि हातानेच विषय उडवून लावला. "आपल्या पानाला काही झालेलं नाही. भेट मिळालेले लॅपटॉप म्हणजे भंगार असणार."

"असेल, मॅडम. पण तसं ठरवायचं तर बघावं लागेल ना?"

"सुट्टीच्या दिवशी बघ. कामाच्या वेळेत नको."

म्हणून मी सुट्टीच्या सकाळी तिथे जायला लागले. यंत्र जुनं म्हणून पान रडतंय की धाकटीमुळे रडतंय, हे कळायला दोघींना एकाच घरात ठेवायला हवं होतं. मी केंद्रातल्या एका लॅपटॉपमध्ये थोरली आणि धाकटी, दोघींना बिऱ्हाड दिलं. एका वेळी एकीचंच राज्य. मधली दुसऱ्याच्या यंत्रात येत नाही, म्हणून तिच्यासाठी ऑफिसातला लॅपटॉप काखोटीला मारून नेला. मग तिघींकडे तोच ब्राउझर, तेच पान.

"मी काय करायचं?" त्याने विचारलं.

"तुम्ही बोलायचं."

"एवढंच?"

"एवढंच. मी फोनवर तुमचा आणि पडद्याचा एकत्र व्हिडिओ घेणार. स्लो मोशनमध्ये बघितलं की कळतं, तुमचे ओठ कधी हलले आणि वर्तुळ कधी."

"ओठ," तो म्हणाला.

"शास्त्रीय कारणासाठी," मी म्हणाले, आणि कान तापल्यासारखे वाटले.

शब्द कुठला घ्यायचा यावर बराच खल झाला. सुरुवात ठसठशीत हवी, म्हणजे आवाज नेमका कुठे सुरू झाला ते कळेल. त्याने 'पहाट' सुचवला. मी म्हटलं, फार काव्यात्म होतं. मी 'कपाट' सुचवला. तो म्हणाला, त्यात काहीच जीव नाही. शेवटी 'टोपी' ठरला.

मग तो टोपी म्हणत राहिला आणि मी चित्रण करत राहिले. थोरलीकडे टोपी, धाकटीकडे टोपी, मधलीकडे टोपी. पंखा कुरकुरत होता. खिडकीतून ऊन सरकत टेबलापर्यंत आलं, तसं त्याने काही न बोलता पडदा ओढून घेतला, माझ्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून.

घरी येऊन मी व्हिडिओ लावले. एकेक चित्र पुढे ढकलत बघायचं असतं. वर्तुळाचा निकाल स्वच्छ होता... थोरलीकडे ते ओठांपाठोपाठ हलत होतं, मधलीकडे त्याहून जरा चपळाईने, आणि धाकटीकडे मध्ये मोठ्ठी पोकळी. यंत्र तेच असून. म्हणजे जुन्या यंत्राच्या माथी खापर फोडायची सोय उरली नव्हती.

पण मला आणखी एक गोष्ट दिसली, जी साध्या डोळ्यांना दिसली नव्हती. टोपी म्हणण्याआधी त्याची नजर पडद्यावरून निघायची, माझ्याकडे यायची, आणि परत जायची. दर वेळी. एवढीशी, पापणी लवण्याइतकी. मी पुढचा व्हिडिओ लावला. त्यात होती. त्याच्या पुढच्यातही होती.

का बघत असेल?

कदाचित मी तयार आहे की नाही ते बघत असेल. हो, तेच असणार. मी फोन पालथा ठेवला. मग सरळ केला आणि आणखी एकदा बघितला.

पुढच्या वेळी मी त्याला सांगितलं की माणूस दर वेळी तोच शब्द तसाच म्हणू शकत नाही, चाचणी न्याय्य व्हायची तर आवाज एकच हवा. म्हणून त्याची एक टोपी मी फोनमध्ये टिपून घेतली. यापुढे ती तिन्ही यंत्रांना ऐकवायची. कारण अगदी खरं होतं. आणि समोर बसून त्याने तसं बघितलं तर माझा हात हलेल, हेही खरं होतं.

"म्हणजे आता माझी गरज नाही?" त्याने विचारलं.

"तुमच्या आवाजाची आहे."

"बाकीचा मी घरी जाऊ?"

"बाकीचे तुम्ही..." मी फोनशी उगाच चाळा केला. "बाकीचे तुम्ही चहा आणा."

त्याने चहा आणला. दोन कप, एकात साखर कमी. मी कमी साखरेचा पिते हे मी त्याला कधी सांगितलं होतं, ते मला आठवेना.

*

ताईचं आणि माझं घर लहान. त्यामुळे संध्याकाळभर माझ्या फोनमधून तोच आवाज यायचा आणि ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची.

"टोपी," फोन म्हणाला.

"टोपी," पुन्हा.

ताईने लाटणं ठेवलं. "इतक्या गोड आवाजात टोपी म्हणणारा हा माणूस आहे तरी कोण?"

"कामाचं आहे गं."

"कामाचा आहे," भाऊजी वर्तमानपत्राआडून म्हणाले. "माझ्या खांद्याच्या केंद्रातला. माझा खांदा केव्हाच बरा झाला, पण ही बाई अजून तिथे जातेय."

"मी ब्राउझरची तुलना करतेय, भाऊजी."

"हो ना. मग काय निघालं तुलनेतून?"

आणि गंमत म्हणजे मला त्याचंही धड उत्तर देता येईना. मला वाटलं होतं धाकटी सगळ्यातच मंद निघेल. पण साधी मजकुराची पानं तिने थोरलीच्या आधी उघडून दाखवली, तीही त्याच जुन्या यंत्रात. मधली सगळ्यांत तरतरीत, पण तिचं यंत्रच नवं होतं, तेव्हा तिचं कौतुक किती आणि यंत्राचं किती, कसं सांगणार? मोठमोठ्या फोटोंच्या पानावर थोरली पुढे. आणि हलतं चित्र आलं की धाकटी बसकणच मारत होती. वेगवान कोण, हा प्रश्नच अपुरा होता. कुठल्या कामाला वेगवान, असं विचारायला हवं होतं.

हे सगळं मला ज्याला सांगावंसं वाटत होतं, तो समोर नव्हता. ते माझ्या लक्षात आलं आणि मी टोपी बंद केली.

*

केंद्राच्या मागच्या बोळात चहाचं मशीन होतं. तिथल्या कट्ट्यावर बसून मी त्याला ते सांगितलं. तो ऐकायला बसला की पूर्ण ऐकायचा. फोन नाही, मध्ये हं-हं नाही.

"एक विचारू?" मी म्हणाले. "त्या पहिल्या व्हिडिओंत... तुम्ही शब्दाआधी थोडं थांबता. प्रत्येक वेळी."

तो कपाकडे बघायला लागला. मला वाटलं, नको ते विचारलं. मी तर नजरेचं विचारायला निघाले होते, आणि तोंडातून थांबण्याचं निघालं.

"लहानपणी मी तोतरा होतो," तो म्हणाला. "म्हणजे... अजूनही आहे. फक्त आता कुठे अडणार ते आधी कळतं. मग तिथे थांबतो, आणि वळसा घालून जातो. लोकांना वाटतं, विचार करून बोलतोय."

"म्हणून हे काम निवडलंत?"

"नाही. हे काम निवडलं, कारण शाळेत सगळे माझं वाक्य पूर्ण करायचे. मास्तर, मित्र, आई. प्रेमानेच. मला म्हणायचं असायचं एक, आणि ते पुरं करायचे भलतंच. मग मी त्यांचंच खरं म्हणायचो... कुठे परत सुरुवात करा." तो हसला. "तुम्ही करत नाही तसं. एकदाही केलं नाहीत."

"सवय आहे. उत्तर यायच्या आधीच मी काही दाबलं, तर चाचणी वाया जाते."

"कारण काहीही असो," तो म्हणाला. "बरं वाटतं."

मशीनमधून कुणाचा तरी चहा घरघरत पडत होता. माझा कप रिकामा झाला होता, तरी मी तो दोन्ही हातांत धरून बसले होते. आमच्या गुडघ्यांमध्ये एक वीतभर जागा होती आणि मला ती जागा फार स्पष्ट जाणवत होती.

"काका कसे आहेत?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "काकूंचा फोन होता. घरातही बोलणं सोडलंय त्यांनी. पाणी हवं असलं तरी पेला दाखवतात. सुरुवातीच्या ह्या दिवसांत मेंदू शिकतो तसा नंतर शिकत नाही. गेलेले शब्द आत्ता आले तर आले."

त्यानंतर मी सुट्टीच्या दिवसाची वाट पाहिली नाही.

*

कारण सापडलं ते ऑफिसात, दुपारी, जेवणाचा डबा उघडा ठेवून. केंद्रातून आणलेल्या त्या लॅपटॉपमधलं चित्रं काढणारं कार्ड जुनं होतं. थोरलीच्या घरात ब्राउझर त्याच्यावर विश्वास ठेवत होता. धाकटीच्या घरात नव्हता ठेवत. ते कार्ड बाजूला सारून सगळी चित्रं मुख्य प्रोसेसरकडूनच रंगवून घेत होता, आणि त्या बिचाऱ्याची दमछाक होत होती.

पण एवढ्याने आवाजाला उशीर का व्हावा? वर्तुळ धक्के खात फुगेल, हे ठीक. ऐकायला कशाला उशीर?

मग मी आमच्या पानाचा कोड उघडला. आणि तिथे ते होतं. आम्ही ऐकणं आणि रंगवणं एकाच रांगेत उभं केलं होतं. आधीचं चित्र रंगवून झाल्याशिवाय पान पुढचा आवाज ऐकतच नव्हतं. थोरली आणि मधली भराभरा रंगवत होत्या, म्हणून आमची चूक झाकली जात होती. धाकटीने ती उघडी पाडली होती, आणि आम्ही तिलाच नावं ठेवत होतो.

तो भाग मॅडमनी स्वतः लिहिलेला होता.

मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले. "मॅडम, चूक आपल्याकडे आहे."

त्यांनी वर पाहिलं. "आपल्याकडे म्हणजे कुणाकडे?"

मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. तिन्ही व्हिडिओ, आणि तो कोड. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. एकदा चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"हे मी घाईत लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि तपासलं फक्त माझ्याच यंत्रावर." मग खुर्ची सरकवून त्यांनी मला जागा करून दिली. "बस. दोन वेगळ्या रांगा करू. ऐकणारी वेगळी, रंगवणारी वेगळी."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पान तयार होतं. मी त्याला फोन केला.

"काकांकडे जायचं का?" मी विचारलं.

पलीकडे कुठलातरी शब्द अडला. मी थांबले.

"आत्ता निघा," तो म्हणाला.

*

काकूंनी दार उघडलं. "आत आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "पण बोलणार नाहीत हं. वाईट वाटून घेऊ नका."

काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. उंच, रुंद खांद्यांचे, पांढरे केस नीट विंचरलेले. त्याने "काका" म्हणून हाक मारली तरी त्यांनी मान वळवली नाही.

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. "काका, ते हिरवं वर्तुळ बनवणाऱ्यांपैकी मी एक. माफी मागायला आलेय."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी केंद्रातला तोच लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला, धाकटीसकट. आधी जुनं पान लावलं. फोनमधून त्याचा आवाज ऐकवला. टोपी. वर्तुळ ढिम्म... आणि मग फुगलं.

"हा ह्यांचा आवाज आहे," मी म्हणाले. "बोलायला शिकवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांचा. तरी बघा."

काकांनी पडद्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. डावं बोट उचललं. मी पुन्हा लावलं. वर्तुळ पुन्हा उशिरा.

मग नवीन पान. टोपी. वर्तुळ शब्दाबरोबरच टम्म फुगलं.

काका पुढे वाकले. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मला मदत करावीशी वाटत होती. मी केली नाही. तोही माझ्या स्टुलामागे हात बांधून उभा होता.

"म... मी..." काका म्हणाले, आणि वर्तुळ फुगलं. ते दचकले. "मी... न... नव्हतो?"

"नाही काका," मी म्हणाले. "तुम्ही वेळेवरच होतात. आमच्या पानाला उशीर होत होता."

त्यांनी डोळे मिटले. मग त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला.

"खु... र्ची," ते म्हणाले. वर्तुळ फुगलं. "एक... वार."

स्वयंपाकघराच्या दारात काकू येऊन उभ्या राहिल्या. "कोण विकायला काढतंय माझी खुर्ची?"

"दो... न... वार." काकांची नजर आता वर्तुळावर नव्हती. ती काकूंवर होती.

"माझी बोली," काकू म्हणाल्या. पदराने डोळे पुसत होत्या, पण आवाज ठाम होता. "रोज सकाळी सराव. संध्याकाळीही. आणि मी शेजारी बसणार. आहे कबूल?"

"ती..." काका अडले. कपाळावर घाम आला. आम्ही तिघं नुसती बघत राहिलो. "तीन वार."

*

आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्त्यावर कुणीतरी नुकतं पाणी मारलेलं, त्याचा वास येत होता. लॅपटॉपची पिशवी त्याने खांद्याला अडकवली होती. मी दोनदा मागितली, त्याने दिली नाही.

"उद्या सकाळी येणार आहेत," तो म्हणाला. "काकूंनी कबूल केलंय."

"हं."

"तुम्ही का गप्प?"

"काम झालं," मी म्हणाले. "पान दुरुस्त झालं, तुलनाही झाली. आता केंद्रात यायला मला कारण नाही."

"कारण लागतंच?"

"मला लागतं. त्याशिवाय मला घरून निघता येत नाही. ताई विचारते."

तो चालता चालता थांबला. मीही थांबले. त्याने पिशवीचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं. शेजारून एक सायकल घंटी वाजवत गेली.

मी वाट बघितली. इतकी कठीण वाट मी कधी बघितली नव्हती.

"मला..." तो म्हणाला, "मला तू आवडतेस. हे कारण चालेल?"

त्याने वळसा घातला नव्हता. सरळ आला होता. नेमक्या अशा वेळी मला जी एक खोड आहे, ती उफाळून आली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय?"

"कधीपासून आवडते? नेमकं."

तो हसायलाच लागला. "सांगितलं तर हसशील."

"नाही हसणार."

"तू एकदा केंद्राच्या पायरीवर बसून केळं खात होतीस. आणि खाऊन झाल्यावर कचऱ्याची टोपली मिळेना, म्हणून ते साल हातात घेऊन सगळ्या व्हरांड्यात हिंडलीस. एकीकडे फोनवर कुणाला तरी काहीतरी पटवून देत होतीस, सालासकट हातवारे करून. मी खिडकीशी होतो. पेशंट समोर बसलेला, आणि मी तुझं ते साल बघतोय. तेव्हा."

"केळ्याच्या सालावरून?"

"तू म्हणालीस, नेमकं सांग."

मी हसणार नाही म्हटलं होतं, पण हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हात वर केला, तर त्याने तो मध्येच धरला. त्याची बोटं गार होती. माझीही.

"आणि तुझं?" त्याने विचारलं. "कधीपासून?"

"मला नक्की सांगता येणार नाही," मी म्हणाले. "विचार करावा लागेल."

"कर की. मला घाई नाही."

आम्ही बसथांब्याकडे निघालो होतो, पण थांबा आला तेव्हा दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. मी मागची एकेक सकाळ आठवत होते... ही असेल का, की त्याच्याही आधीची? आणि तो माझा हात धरून, काही न विचारता, शेजारून चालत होता.